बेदाण्याच्या शेडमधलं त्रिशूर

केरळला मी कधी गेलेले नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण साताऱ्यात आमच्या आळीत मी तिकडंच राहून आलेय अशी माझी ख्याती आहे. भूगोलाची शिक्षिका म्हणून उभा जन्म पोरींना नारळी-पोफळीच्या बागा आणि रबराचे मळे शिकवले, ते सगळे पुस्तकातून. पुढं मिरजेला गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिथल्या मल्याळी सिस्टरनं माझी कुरकुर थांबावी म्हणून तिच्या मोबाईलवर एक मल्याळी सिनेमा लावून दिला. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, वर एक माणूस सायकलची चेन बसवत होता, आणि मी जी त्यात पडले ती अजून वर आलेली नाही. गुडघा बरा झाला, खूळ राहिलं.

ह्या खुळाचा सगळ्यात जास्त त्रास सुभेदारांना. सुभेदार म्हणजे आमचे यजमान, मूळचे मेढ्याचे, फौजेतून निवृत्त. मी सिनेमा लावला की ते खुर्चीत बसून विचारतात, "ह्यात गोळी कवा सुटती?" गोळी सुटत नाही म्हटल्यावर डोळे मिटून घेतात. त्यांचं म्हणणं, पलटणीत त्यांचे सगळे क्लार्क केरळचेच होते, फार गुणी माणसं, पण क्लार्कच्या आयुष्यावर कुणी सिनेमा काढावा असं त्यांना कधी वाटलं नाही. मी त्यांना सांगते, आपल्या सिनेमात गाव असतं ते गाण्याला. ह्यांच्या सिनेमात माणसं जेवतात, छत्री खुंटीला अडकवतात, रेशन कार्डावरून भांडतात. सुभेदार म्हणतात, "मग ते घरी बी चालूच हाय की."

तर चैत्रात मंगलचा फोन आला. मंगल माझी जुनी विद्यार्थिनी, दिली विट्याच्या पूर्वेला एका गावात. (गावाचं नाव सांगत नाही. पुढं कोण कुठल्या बाजूनं भांडलं ते येणार आहे, उगाच कुणाला त्रास नको.) तिच्या सासऱ्यांची गलाई होती. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. त्या भागातली माणसं ह्या कामासाठी देशभर पसरलेली आहेत. मंगलचे सासरे, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, मिसरूड फुटायच्या वयात त्रिशूरला गेले आणि म्हातारे होऊन परत आले. तिकडचं दुकान आता मंगलचा नवरा बघतो.

"बाई, जत्रंत तात्या मल्याळी पिक्चर दाखवणार हायत," मंगल म्हणाली. "गावात इंग्रजी अक्षरं कोण वाचणार? तुमी या आणि माईकवर मराठीतनं सांगा."

मी हो म्हणताना इतकी घाई केली की सुभेदारांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

कोरेगाव

कुणाच्या घरी मोकळ्या हातानं जायचं नाही, हा सुभेदारांचा नियम. म्हणून कोरेगावात थांबून त्यांनी घेवड्याचे वाळलेले दाणे घेतले. पेढे घेऊ म्हटलं तर म्हणाले, पेढे सगळेच नेतात. पिशवी त्यांनी स्वतः बांधली, फौजी गाठ मारून. पुसेसावळीच्या पुढं एका वळणावर ती गाठ सुटली आणि घेवडा सगळा गाडीभर झाला. काही दाणे ब्रेकखाली गेले. गाडी अगदी सावकाश, कुणाला काही न करता, एका कडवळाच्या, म्हणजे हिरव्या चाऱ्याच्या, शेतात जाऊन थांबली.

शेतकरी धावत आला. मी मनात माफीचं भाषण तयार केलं. तो वाकून गाडीत बघत म्हणाला, "घेवडा लय झ्याक हाय की. कोरेगावचा व्हय?" मग त्यानं आम्हाला दाणे वेचायला मदत केली, गाडी ढकलून दिली आणि वर विट्याचा जवळचा रस्ता सांगितला. कडवळाबद्दल एक अक्षर नाही. त्याला ओंजळभर घेवडा दिला, तेवढ्यावर सगळं मिटलं. मल्याळी सिनेमात ह्याच प्रसंगावर दोन तास निघाले असते, असं मी म्हणाले. सुभेदार पिशवीला नवी गाठ मारत होते.

विट्याच्या पुढं

हा मुलूख मी फळ्यावर काढला होता तो पर्जन्यछायेचा: उघडे माळ, बाभळी, मेंढरं. माळ आहेत, मेंढरंही दिसली, पण मधेमधे आता पाणी आलंय आणि द्राक्षांचे मांडव लांबवर गेलेत. गावात शिरताना मात्र मी गाडी थांबवायला लावली. चावडीपुढं उभ्या गाड्यांच्या नंबरपाट्या बघून माझ्यातली मास्तरीण जागी झाली. केरळ, तामिळनाडू, बंगाल, पंजाब, ओडिशा! वर्षभर कुलूप लावलेले दुमजली बंगले जत्रेपुरते उघडले होते आणि गच्च्यांवर गाद्या वाळत होत्या. एका ओट्यावर पोरं मल्याळीत भांडत होती आणि शिव्या तेवढ्या मराठीत देत होती.

तात्या दारातच उभे होते. पांढरं, सोनेरी काठाचं मुंडू, म्हणजे तिकडची लुंगी, गुडघ्याशी दुमडून वर खोचलेलं. सुभेदार गाडीतून उतरले तसं तात्यांनी खोचलेलं टोक सोडलं आणि मुंडू घोट्यापर्यंत खाली घेतलं.

सुभेदार घाबरून माझ्याकडे वळले. "ह्येंनी लुंगी का सोडली?"

मी ह्याच क्षणासाठी जगत होते. "हा मान आहे," मी म्हणाले. "वडीलधारं माणूस समोर आलं की दुमडलेलं मुंडू खाली सोडायचं. तसंच दुमडलेलं ठेवलं तर उर्मटपणा. आणि कुणाच्या अंगावर जाताना दुमडून वर घेतलं, तर समजायचं, आता मारामारी."

तात्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता रडतात. "मंगल," ते ओरडले, "बाईंस्नी सगळं ठावं हाय गं!" मग सुभेदारांकडे बघून म्हणाले, "साहेब, हितं गावात म्या मुंडू सोडलं तर पोरं म्हणत्यात, तात्याची लुंगी सुटली."

जेवायला पुरणपोळी होती आणि कटाची आमटी. तात्यांनी खिशातून लहान बाटली काढली आणि आमटीवर खोबरेल ओतलं. समोर तात्यांच्या मंडळी, शालनकाकू, पोळी वाढत होत्या. वाळकी, ताठ, बोलायला तिखट बाई. त्यांनी बाटलीकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "बगा. डोसक्याला लावायचं त्याल. ताटात घ्येतंय माणूस."

"काकू, तुम्ही गेला होता का कधी त्रिशूरला?" मी विचारलं. विचारायला नको होतं हे मंगलच्या तोंडावरून कळलं.

"कशाला? शेती कुणी बघायची? सासू-सासऱ्यांचं कुणी करायचं? ह्ये जत्रंला यायचं. पावण्यावानी चार दिस ऱ्हायचं, तोंड पाडून बसायचं आन जायचं." त्या पोळी ताटात टाकून आत गेल्या.

तात्यांनी आमटी ढवळली. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, उद्याचा पिक्चर गावासाठी न्हाई. आमच्या गल्लीत त्येचं शूटिंग झालं हुतं, लय वर्सं झाली. आमचं दुकान दिसतंय त्यात. मला तिला दाखवायचं हाय, मी जलमभर कुठं हुतो त्ये. तिनं आजवर कवा इचारलं न्हाई, आन मला सांगाया जमलं न्हाई. उद्या तिनं बघितलं तर बघितलं. पुन्हा मी इषय काढणार न्हाई."

आतून काकूंचा आवाज आला, "मी येणार न्हाई! शेळी व्यायला झालीया!"

बेदाण्याचं शेड

जत्रेच्या दिवशी कुस्त्या चारला सुरू होतात, म्हणून सिनेमा दुपारी. अंधार हवा म्हणून बेदाण्याचं शेड. माल नुकताच तासगावच्या बाजारात गेल्यामुळं शेड रिकामं होतं, पण जमीन चिकट होती आणि माश्या हटत नव्हत्या. शटर ओढलं, फटींना ताडपत्र्या लावल्या, भिंतीवर पांढरं कापड ताणलं. डाव्या अंगाला बाया, उजव्या अंगाला गडी, मधे पिक्चरचं मशीन, मशीनशेजारी मी माईक घेऊन. तात्या पार मागं भिंतीला टेकून उभे. बायांमध्ये पुढं एक सतरंजी त्यांनी मोकळी ठेवली होती. ती मोकळीच राहिली.

गोष्ट साधी होती. एक शाळेचा शिपाई आणि एक शिंपी, शेजारी शेजारी राहतात. फणसाचं झाड शिपायाच्या आवारात, पण फांदी गेलेली शिंप्याच्या आवारात, आणि फणस नेमके त्याच फांदीला. संपलं. मी हे सांगितलं आणि मनात म्हटलं, आता अर्धं शेड उठून कुस्त्यांची जागा धरायला जाणार. सुभेदारांनी टोपी हातात घेतलीच होती.

पण मी एक विसरले होते. सातारा-सांगलीच्या माणसाला बांधावरचं झाड दाखवलं, की त्याला दुसरं काही दाखवावं लागत नाही.

"फणस शिंप्याचा!" उजवीकडून एकजण ओरडला. "सावली त्येच्या रानात, फळ त्येचं!"

"बूड कुणाचं त्ये बगा की! बूड शिपायाचं!"

"आरं, पानं झाडायला शिंप्याची बायकू, आन फणस ह्येचा व्हय?" हे बायांकडून.

सुभेदारांनी टोपी पुन्हा घातली आणि नीट मांडी घालून बसले. "मोजणी आणा म्हणावं," ते म्हणाले.

मी माईकवर बोलत होते, पण मला कुणी विचारत होतं तर वेगळंच. पुढच्या ओळीत धुळाबा नावाचे एक म्हातारे धनगर लाल पटका बांधून बसले होते. त्यांनी पहिल्यापासून एकच धोशा लावला. "बाई, ह्यात गाव कुठं हाय?"

"हेच गाव आहे, बाबा."

"ह्ये न्हवं. घर हितं एक, तिथं एक. वेस न्हाई, पार न्हाई. माणूस मेल्यालं कसं कळतंय?"

भूगोलाच्या पुस्तकात ह्याला विखुरलेली वस्ती म्हणतात, असं मी सांगितलं. धुळाबांचं समाधान झालं नाही. पुढं पडद्यावर पाऊस सुरू झाला, आणि तिकडच्या सिनेमात पाऊस सुरू झाला की थांबत नाही. चहाच्या टपरीत माणसं पेपर वाचत राजकारण करतायत, बाहेर पाऊस. चर्चमध्ये लग्न, बाहेर पाऊस. शेडमधली माणसं पुढं सरकून बघायला लागली. त्या माणसांनी टँकरच्या मागं धावून आयुष्य काढलेलं. "आजून पडतोय," कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. धुळाबांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मेंढरं मरतील हितं. खुरं कुजतील." एवढं बोलून त्यांनी केरळला जायचा विषय आपल्यापुरता मिटवला.

मुंडूचं मी आधी समजावून ठेवलं होतं, त्यामुळं शिंप्यानं मुंडू दुमडून वर घेतलं तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात म्हातारे पाद्री आले आणि त्यानं ते मुकाट्यानं खाली सोडलं. गड्यांमधले सगळे म्हातारे एकदम खूश झाले आणि आपापल्या नातवांकडे बघायला लागले.

मग माझ्या हातून चूक झाली. शिंप्याच्या घरी जेवण चाललं होतं. ताटात उकडलेला पांढरा कंद आणि लालभडक माशाचं कालवण. बायांनी विचारलं, काय खातायत? मी नुसतं "कंद" म्हणून सोडून दिलं असतं तर चाललं असतं. पण शिकवायची खोड जात नाही. मी माईकवरून, मोठ्यानं, सगळ्या शेडला सांगितलं, की हा कंद म्हणजे टॅपिओका, आणि आपला साबुदाणा ह्याच्यापासूनच होतो.

बाया एकमेकींकडं वळल्या. मग बायांकडून एकच गलका उठला.

"उपासाचा कंद? मासळीबरं?"

"आगं बया! एकादशीला आपण काय खातोय मग?"

एक आजी उठून उभी राहिली आणि माझ्याकडं बोट करून म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या हाय. असलं माईकवर सांगू नगा." शटर खडाखडा वर गेलं, चार-पाच बाया ही बातमी घेऊन बाहेर पळाल्या आणि ऊन सरळ पडद्यावर आलं. मी माईकवर "शांत बसा, शांत बसा" करत होते, वर्गात करायचे तसं. माझा वर्ग माझ्या हातून इतका कधी सुटला नव्हता. तात्यांचा सिनेमा मीच मोडला, असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि त्याच उघड्या शटरमधून शालनकाकू आत आल्या. हाताला शेणाचा वास, पदर खोचलेला. त्यांनी शेडभर बघितलं, मग मागं भिंतीशी उभ्या तात्यांना गाठलं.

"आवं, ह्या बाया सांगत्यात त्ये खरं हाय? तुमी बी खाल्लंसा?"

सगळं शेड मागं वळलं. तात्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, जसं काही मी ह्याचंही भाषांतर करणार होते. मग म्हणाले, "खाल्लं."

"आन मी दर साली पिशवी भरून साबुदाणा धाडत हुते त्ये?"

"त्यो बी खाल्ला."

काकू वळल्या. चालत पुढं गेल्या आणि त्या मोकळ्या सतरंजीवर बसल्या. "लावा," त्या म्हणाल्या. "बगू तरी, आजून काय काय खाल्लंया." शटर खाली आलं.

पुढं फणसाचं भांडण कोर्टात जातं आणि शिंपी खटल्यासाठी बायकोची सोन्याची साखळी मोडायला निघतो. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी सोनारांची दुकानं, ओल्या फरशा. मागून तात्यांचा आवाज आला, एकदम पोरासारखा. "आली! आली आमची गल्ली! त्यो निळा बोर्ड बगा, त्येच्या खाली आमचं दुकान! बगितलं का गं? निळा बोर्ड!"

दुकान दिसलं आणि गेलं. काकूंनी हात वर केला. "मागं घ्या."

मशीनवाल्यानं मागं घेतलं. पुन्हा गल्ली, पुन्हा निळा बोर्ड. "मागं घ्या," काकू परत म्हणाल्या आणि उठून पार पडद्याशी जाऊन उभ्या राहिल्या. "थांबवा हितं."

चित्र थांबलं. काकूंनी बोर्डाकडं बोट केलंच नाही. गल्लीच्या दुसऱ्या कडेला चहाच्या टपरीपुढं चार माणसं उभी होती. त्यातला एक तरणाबांड, मुंडू गुडघ्यावर खोचलेलं, हातात चहाचा ग्लास, मान मागं टाकून खो खो हसत होता. इतका, की ग्लासातला चहा सांडत होता.

"ह्यो कोण?" काकू म्हणाल्या.

तात्या पुढं आले. डोळे बारीक करून बघितलं. त्यांनी हा सिनेमा किती वेळा पाहिला असेल देव जाणे, पण दर वेळी बघितला होता तो निळा बोर्ड. त्यांनी पडद्याला बोट लावलं. "मी हाय त्यो," ते शेवटी म्हणाले. "मला ठावं न्हवतं."

बाहेर मैदानात हलगी कडाडायला लागली, कुस्त्यांची वेळ झाली, तरी कुणी उठलं नाही. काकू त्या हसणाऱ्या माणसाकडं बघत उभ्या होत्या. मला भीती वाटली. आयुष्यभर जत्रेला तोंड पाडून आलेला नवरा, आणि तिकडं तो असा हसत होता.

"गडी बरा दिसतोय," काकू म्हणाल्या. "ह्येला का न्हाई कवा जत्रंला धाडला?"

आधी सुभेदार हसले. मग धुळाबा, मग बाया, आणि मग पत्र्याचं ते सगळं शेड. तात्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं, डोळे पुसले, पुन्हा तोंड पुसलं. "तुला सोडून परत जायचं असायचं गं," ते म्हणाले. "त्येच डोसक्यात घिऊन यायचो मी. चार दिसांत हसू कुठनं येणार?"

काकू पडद्यापासून वळल्या. सतरंजीवर परत येऊन बसल्या आणि एका अंगाला सरकल्या. "हुबं काय ऱ्हायलासा? बसा हितं." त्या गावात भर कार्यक्रमात बायांच्या अंगाला कुणी गडी बसत नाही. तात्या बसले.

सिनेमा पुढं सुरू झाला. मी माईक तोंडाशी नेला, पण काकूंनी मागं वळून हातानंच मला गप्प केलं. "तुमी ऱ्हाऊ द्या, बाई," त्या म्हणाल्या, आणि तात्यांकडं वळून विचारलं, "ह्यो शिंपी आता काय म्हणतोय?"

तात्या सांगायला लागले. शिंप्याचं, शिपायाचं, मग टपरीवाल्याचं, मग त्या चार माणसांतल्या बाकीच्या तिघांचं. सिनेमा संपला, फणसाचा निकाल लागला, गडी कुस्त्यांना गेले, मशीनवाल्यानं कापड उतरवून घडी केली. ती दोघं सतरंजीवर तशीच बसलेली होती आणि काकू विचारत होत्या, "मग? म्होरं?"